मंत्र्यांची कवळी

मंत्र्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे होते. पोपटरावांनी हे आधी तपासून घ्यायला हवं होतं, पण नकलाकारानं तपासायच्या गोष्टींत दात सहसा येत नाहीत. चाल येते, मानेचा कोन येतो, श्वास कुठे घेतो ते येतं. मंत्र्यांचा जबडा जरा पुढे होता, म्हणून मेकअपवाल्या मावशींनी पोपटरावांच्या दातांवर बसेल अशी एक खोटी कवळी करून दिली. पहिल्याच रेकॉर्डिंगला ती निसटली. पोपटरावांनी ती जिभेनं ओढून 'च्सुप' अशी जागेवर घेतली. तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यातून गेलं, म्हणून छताकडे बघत ते म्हणाले, "हं... कुठं होतो मी?"

प्रेक्षक दोन बस भरून आणलेले होते. सकाळपासून बसून बसून त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि ते कशालाही हसायला तयार होते. पण हे हसणं वेगळं होतं. कॅमेरामनचा खांदा हलला, त्यामुळे दृश्यही हललं. निर्माता धावत आला आणि म्हणाला, "दादा, हे दर वेळी."

दर वेळी म्हणजे अकरा वर्षं. दर शनिवारी पोपटराव मंत्री व्हायचे, कवळी ओढायचे आणि आपण कुठे होतो ते विचारायचे. मुलाखतीत ते सांगत, "विनोद हे शस्त्र आहे, सत्तेला टोचलंच पाहिजे." आणि मग विचारत, फोटो रंगीत छापणार ना.

पोपटराव हे नाव त्यांना स्टुडिओनं दिलं होतं. घरी ते छोट्या होते. घर म्हणजे ताई. आई-वडील लवकर गेले तेव्हा ताई नर्सिंग शिकत होती, आणि छोट्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो नर्सेसच्या खोलीत एका स्टुलावर बसून वाढला. तिथेच त्यानं पहिली नक्कल केली, मोठ्या डॉक्टरांची. ते हात मागे बांधून, पेशंट सोडून इतर सगळीकडे बघत राउंड घ्यायचे. नर्सेस तोंडात रुमाल कोंबून हसल्या. ताई हसली नाही. तिनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "डावा पाय जरा ओढतात ते. पुन्हा कर." पोपटरावांची सगळी शाळा म्हणजे एवढीच.

कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी एका जाहीर सभेत कुणीतरी मंत्र्यांना अर्धवट पुलाबद्दल विचारलं. मंत्री थांबले. त्यांनी जीभ दातांवरून फिरवली, 'च्सुप' केलं आणि म्हणाले, "कुठं होतो मी?" मैदान हसून कोसळलं. पूल तिथेच राहिला, अर्धवट.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मंत्र्यांकडून केक आला. त्यावर साखरेनं लिहिलं होतं, 'गुरुजींना'. पोपटरावांनी मोठा तुकडा घेतला. त्यानंतर मंत्र्यांना काहीही अवघड विचारलं की त्यांची कवळी निसटायची, जी नव्हतीच. लोक हसायचे आणि प्रश्न मरायचा. हसण्यात मेलेल्या प्रश्नाचं पोस्टमॉर्टेम कुणी करत नाही.

मग इस्पितळाचं छत पडलं.

ताई तिथे मेट्रन होती. वॉर्डाच्या छताला भेग होती, त्याबद्दल तिनं मंत्र्यांना सहा पत्रं लिहिली होती. सहाव्यानंतर फोन आला, थेट मंत्र्यांचा. एकच वाक्य बोलले. "सिस्टर, तुम्ही छताकडे बघू नका, पेशंटकडे बघा." तीन आठवड्यांनी छत खाली आलं. तीन पेशंट गेले आणि नोकरीला लागून पाच महिने झालेली एक नर्स गेली, ताईच्या हाताखालची.

मंत्री पाहणीला आले, हॉलमध्ये पत्रकार जमले. ताई गणवेशात उभी राहिली. हातात पत्रांच्या प्रती होत्या.

"साहेब, ही सहाही पत्रं तुम्हाला मिळाली होती की नाही, एवढंच सांगा."

मंत्र्यांनी कागदांकडे पाहिलं. मग छताकडे. 'च्सुप'. "कुठं होतो मी?"

पत्रकार हसले. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं. एकानं तर लगेच तोंडावर हात ठेवला, पण हसू ओसरेपर्यंत मंत्री गाडीत बसले होते.

संध्याकाळी ताई पोपटरावांच्या घरी आली.

"बस ना, ताई."

"उभ्यानंच बोलते. पाहिलंस टीव्हीवर?"

"पाहिलं. पण ताई, तो माझी नक्कल करतो. त्याला मी काय करू?"

"तुझी नक्कल करतो. म्हणजे तुला बरं वाटतं."

"वाटायचं. आधी."

"छोट्या, मी चारचौघांत उभं राहून विचारलं आणि माणसं हसली. वाईट माणसं नव्हती ती. तू सवय लावलीस त्यांना."

"मग बंद करतो मी."

"तू बंद केलंस तरी तो करणारच. अकरा वर्षं त्या माणसाला तू गोड करून ठेवलंयस. आता तो आहे तसा दाखवता येतो का बघ. तोपर्यंत माझ्या घरी येऊ नकोस."

तिनं आवाज चढवला नव्हता. इस्पितळात भेटीची वेळ संपली हे ती याच आवाजात सांगायची, आणि कुणी वाद घालत नसे.

पोपटराव कामाला लागले. त्यांची रीत जुनी होती: डोळे मिटून टेप ऐकायची आणि श्वास मोजायचे. पण मंत्री एकदा जमले म्हटल्यावर त्यांनी गेल्या आठ वर्षांत मंत्र्यांची एकही टेप ऐकली नव्हती. आता ऐकली तर पंचाईतच झाली. टेपवर मंत्री नव्हतेच. पोपटराव होते, आणि तेही जरा बटबटीत. एखाद्या नवशिक्यानं चढाओढीत केल्यासारखे. शेवटी वाहिनीच्या तळघरातून त्यांनी बारा वर्षांपूर्वीचं एका समितीच्या बैठकीचं रेकॉर्डिंग काढलं, तेव्हा कुठे खरा माणूस सापडला. आवाज खालचा, हातवारे नाहीत. प्रत्येक वाक्य संपलं की तोंड पूर्ण मिटायचं, ड्रॉवर बंद केल्यासारखं. ड्रॉवरमध्ये काय राहिलं ते समोरच्यानं विचारायचं नाही.

पंधरा दिवस पोपटराव आरशासमोर ड्रॉवर उघडत आणि मिटत बसले.

लेखकाला त्यांनी सांगितलं, "मंत्री खुर्चीत बसून सहा पत्रं वाचतो आणि उत्तरं देतो. बस."

"विनोद कुठाय?"

"नाहीये."

"मग मला कशाला बोलावलंस?" लेखक म्हणाला आणि चहा प्यायला गेला. त्याला सुट्टी मिळाल्याचा आनंद लपवता आला नाही.

शनिवारी मावशींनी कवळीची डबी उघडली. पोपटराव म्हणाले, "नको."

"मग मी करू काय?"

"भांग नीट पाडा."

दिवे लागले. पोपटराव खुर्चीत बसले, पत्र उचललं, वाचलं आणि त्या आवाजात उत्तर दिलं. दुसरं पत्र. तिसरं. अकरा वर्षांत इतकी चोख नक्कल त्यांनी केली नव्हती, हे त्यांना स्वतःला कळत होतं. श्वास न् श्वास जागेवर होता. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "हे कोण दाखवतायत?"

"बँकेतले असतील कुणीतरी."

फ्लोअर मॅनेजरनं 'हशा' लिहिलेला फलक वर केला. मागून कुणीतरी सभ्यपणे हसलं आणि आपण एकटेच आहोत हे लक्षात आल्यावर खोकलं. चौथ्या पत्राला निर्मात्यानं दिवे घालवले.

"दादा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग हे काय होतं?"

"मंत्री."

"दादा, अकरा वर्षं मी मंत्री बघतोय. हे मंत्री नव्हते."

"असेच आहेत ते."

"असतीलही," निर्माता समजुतीनं म्हणाला, "पण वाटत नाहीत ना."

तो भाग कापला गेला. पुढच्या शनिवारी कार्यक्रमात सात मिनिटांचं भोक पडलं, आणि निर्माता हुशार माणूस असल्यामुळे त्यानं ते बुजवायला थेट मंत्र्यांनाच फोन केला. मंत्री आनंदानं आले. मावशींनी त्यांच्या खऱ्या दातांवर पोपटरावांची कवळी बसवली. नंतर त्या आठवडाभर सांगत होत्या की साहेबांना अगदी फिट बसली, पोपटरावांना कधी बसली नव्हती तशी. मंत्र्यांनी कवळी ओढली, छताकडे पाहिलं, आणि बसमधून आलेली माणसं खुर्च्यांवरून घसरली. कार्यक्रमाच्या इतिहासात तेवढे प्रेक्षक पुन्हा कधी मिळाले नाहीत.

करारात 'वाहिनीच्या गरजेनुसार उपस्थिती' असं एक कलम होतं. त्यानुसार पोपटरावांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. कॅमेरा त्यांच्याकडे वळला तेव्हा ते टाळ्या वाजवत होते. हात आपोआप वाजत होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जाताना मंत्र्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, फोटो काढून घेतला आणि कानाशी वाकले. आवाज खालचा होता.

"तुमचं ते दुसरं पाहिलं मी. टेप मागवली होती. फार चांगलं जमलंय." तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं. "आता करू नका."

पोपटरावांच्या सगळ्या कारकिर्दीत कामाची एवढी नेमकी पारख दुसऱ्या कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईकडे गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"जमलं?"

"नाही. दाखवलंच नाही त्यांनी."

"काल टाळ्या वाजवताना दिसलास."

"हो."

"मग कशाला आलास?"

"तुला दाखवायला."

ते सिंकपाशी उभे राहिले, हात सैल सोडले आणि मंत्र्यांच्या त्या खालच्या आवाजात पहिलं वाक्य बोलले. ताईच्या हातातली शेंग अर्धी उघडली होती, तशीच राहिली. तिनं मान वर केली. फोनवरचा माणूस तिच्या ओट्याला टेकून उभा होता.

"मी विचारू का?" ती म्हणाली. ती छोट्याला म्हणत नव्हती.

"विचारा, सिस्टर."

"पत्रं मिळाली होती?"

"मिळाली होती."

"वाचली होती?"

"वाचणं माझ्याकडे नाही, सिस्टर. त्याला माणसं आहेत."

"त्या माणसांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं असेल. मला रोज पुष्कळ लोक पुष्कळ सांगतात. छतं पुष्कळ आहेत."

ताईनं शेंग खाली ठेवली.

"माझी एक मुलगी गेली त्यात. तिचं नाव काय होतं?"

पोपटराव गप्प राहिले. तोंड मिटलं. इथे तो असाच गप्प बसेल, त्यांना वाटलं, अगदी असाच, आणि ती शांतता त्यांनी नेमकी जेवढी हवी तेवढीच लांबवली. कामावर ते खूश झाले, क्षणभर.

"साहेबांचं झालं," ताई म्हणाली. "आता तू सांग, छोट्या. तिचं नाव काय होतं?"

पाच महिने दर रविवारी ताई फोनवर तिच्याबद्दल बोलायची. नवी पोरगी डावखुरी आहे, बँडेज उलटं बांधते. नवी पोरगी स्वतः इंजेक्शनला घाबरते, पेशंटना सांगून टाकते, आणि पेशंटच तिला धीर देतात. पोपटराव फोन खांद्यात धरून 'हं, हं' म्हणायचे आणि समोर शनिवारची संहिता पाठ करायचे. बँडेज त्यांना आठवलं. इंजेक्शन आठवलं. ताईनं नाव घेतलेलंही आठवलं, अनेकदा घेतलेलं, फक्त त्या जागी काही ऐकू येत नव्हतं.

"ताई, मला..."

"हं."

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," ताई म्हणाली.

ते थांबले. ती आता सांगेल असं त्यांना वाटलं. तिनं परात पुढे ओढली, ती अर्धी उघडलेली शेंग उचलली आणि त्यातले दाणे अंगठ्यानं काढले. मग दुसरी घेतली. पोपटरावांनी तिथेच बसायला स्टूल पाहिलं. स्टुलावर टोपली होती, आणि ती बाजूला ठेव असं तिनं म्हटलं नाही. थोड्या वेळानं ते चपला घालून निघाले. जिन्यावर पोचेपर्यंत आतून शेंगा मोडल्याचा आवाज येत होता, एकेक, न थांबता.