नाकेदाराची साक्ष

दिव्याने तिसऱ्यांदा कडी वाजवली तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला आणि बनियनवरचा एक उंच म्हातारा जाळीच्या दारामागे येऊन उभा राहिला. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातली ही गल्ली शोधताना तिची स्कूटी दोनदा चुकली होती.

"टेकचंद कटरे काकाजी तुम्हीच ना? मी दुधराम मडावीची नात. दरेकशाकडच्या टोल्यावरून आली."

"कोन दुधराम?"

"तुम्ही आमच्याकडे जंगलाचे नाकेदार, फॉरेस्ट गार्ड होते तेव्हा…"

म्हाताऱ्याने दार उघडले नाही, पण तो आतही गेला नाही. दिव्याने उभ्याउभ्याच सांगून टाकले. आजोबांनी जंगलाच्या कडेला काढलेल्या दोन एकरांचा वनहक्काचा दावा तिच्या आजीने केला होता. तो परत आला. दोन हजार पाचच्या आधीपासून तिथे शेती होती, याला टोल्यावरच्या, त्या वस्तीतल्या माणसांनी साक्ष दिली होती. पण ती सगळी एकमेकांची सोयरी, म्हणून बाहेरचा पुरावा हवा होता. आजोबांचे कागद छपरात वाळवीने खाल्ले. येत्या रविवारी ग्रामसभेत पुन्हा सुनावणी होती.

"तुम्ही आमच्यावर केस केली होती म्हणते आजी. त्याचा एखादा कागद तुमच्याकडे असला तर…"

"रिटायर झालो तेव्हा सगळं ऑफिसात जमा केलं. आणि मले काही याद नाही, बेटा."

तिने नमस्कार केला. गल्लीच्या वळणावर मागे पाहिले तेव्हा तो अजून जाळीमागेच उभा होता.

या जमिनीशी दिव्याचे नाते तसे फायलीतलेच होते. दुधरामने कुदळीने एकेक खुंट उपटून ती चार उन्हाळ्यांत मोकळी केली. तिचा बाप नीलेश विशीच्या आतच तिरोड्याला मजुरीला निघून गेला. "आज आहे, उद्या कोनी हाकलून देईल, त्या मातीत कायले जीव घालू?" एवढेच तो म्हणायचा. दिव्या तिरोड्याच्या भाड्याच्या खोलीत वाढली, आता गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. धानाच्या रोवणीला ती आयुष्यात कधी वाकली नव्हती. तरी दावा तिनेच लिहिला होता, कारण दर हिवाळ्यात आजी तांदळाचे पोते पाठवायची आणि सोबत निरोप असायचा, "आपल्या शेतातला आहे." त्यातला 'आपल्या' हा शब्द कोणत्याच कागदावर नव्हता.

रविवारी शाळेच्या ओसरीत सभा भरली. दिव्याची आजी चमेलीबाई पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. वनहक्क समितीचे अध्यक्ष केवलराम खुर्चीवर होते, आणि ग्रामसेवक दावा वाचत होता.

"नवा पुरावा काय?" त्याने विचारले.

"मी आहे ना," चमेलीबाई म्हणाली.

मागे कोणीतरी हसले. ग्रामसेवक हसला नाही. "आजी, दावा तुमचाच. साक्ष दुसऱ्याची पाहिजे. टोल्याच्या बाहेरची."

दिव्या फाईल उघडून बसली होती. तिच्यातले सगळे कागद आधीच देऊन झाले होते. तेवढ्यात फाटकाशी गलका झाला आणि बायका बाजूला सरकल्या. पांढरा शर्ट, हातात छत्री, स्टेशनपासून चालत आल्यामुळे धुळीने भरलेली पॅन्ट. टेकचंद कटरे ओसरीच्या पायरीवर उभे होते.

चमेलीबाईने त्यांना ओळखले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि नकळत पाय जवळ घेतले.

केवलरामांनी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"लिहा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली, दसऱ्यानंतर, मी दुधराम मडावीच्या शेतात ढोरं सोडली. पंचवीस-तीस होती. लोंबी भरत आली होती. उभा धान मोडला. कोनी सांगितलं नव्हतं मले. तो मले पाहून उठून उभा नाही राहिला, याचा राग होता."

ग्रामसेवकाचे पेन थांबले.

"काका, हे तुमच्याच विरोधात जाऊन राहिलं."

"जाऊ द्या. धान होता म्हणून मोडला ना? तेच लिहा. त्या जागी धान होता."

त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि कपाळावरचा घाम पुसला. केवलरामांनी ठराव वाचला. हात वर झाले. चमेलीबाईनेही हात वर केला.

"तुम्ही नका करू, वहिनी. दावा तुमचाच आहे," केवलराम म्हणाले.

तिने हात खाली घेतला नाही.

जिल्ह्यावरून मंजुरीचा कागद यायला पुढे आठ महिने लागले. तो चमेलीबाईच्या नावाने आला, आणि त्या दिवशी नीलेश सुट्टी काढून तिरोड्याहून आला होता. पण दिव्याच्या लक्षात राहिला तो रविवारच.

सभा संपल्यावर टेकचंद छत्री उचलून निघाले. संध्याकाळची गाडी होती. चमेलीबाईने त्यांना फाटकात गाठले.

"उपाशी जाऊ नका, जी."

त्यांनी तिच्या घरी भात आणि हरभऱ्याची भाजी खाल्ली. मान खाली घालून खाल्ली. हात धुताना ते हळूच म्हणाले, "शेत पाहू का एकदा?"

दिव्या दोघांच्या मागे चालत होती. पाऊलवाट संपली आणि धान दिसला. पिवळा पडत आलेला, लोंब्या वाकलेल्या. टेकचंद शेताच्या बांधाशी, धुऱ्याच्या अलीकडेच थांबले.

चमेलीबाईने मोहाच्या झाडाखालच्या धानाच्या तुकड्याकडे बोट केले. "ते खालची बांधी दिसते? त्या दिवशी तेवढी एक तुम्ही सोडली होती, नाकेदार. ढोरं तिच्यात नाही घातली. त्या धानाचंच पुढच्या साली बियानं झालं. आमचे हे म्हणत, मानूस रागात होता, पन दया केली त्यानं. दर साली नवा धान रांधला का पहिल्या घासाले तुमचं नाव घेतो आमी."

टेकचंदांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. दिव्याला वाटले, आता हे गप्पच राहतील. राहिले असते तरी कोणाचे काही बिघडले नसते.

"बाई," ते म्हणाले, "मी दया नव्हती केली. पानी आलं जोराचं. ढोरं आवरली अन् निघून गेलो. तेवढंच."

चमेलीबाईने धानाकडे पाहिले. वाऱ्याने लोंब्या एकमेकींवर घासत होत्या.

"दुसऱ्या दिवशी ऊन होतं," ती म्हणाली. "आले होते का तुम्ही?"

"नाही."

"तिसऱ्या दिवशी?"

त्यांनी मान हलवली.

"मंग?" चमेलीबाई म्हणाली, आणि धुऱ्यावर झुकलेल्या लोंब्या हाताने बाजूला धरत पुढे झाली, त्यांना चालायला वाट व्हावी म्हणून.