काशीबाईंच्या नडगीवरचा अंगठा

चाळीत आलेल्या सागरबाबांनी अंगठा उचलला आणि अख्खी गॅलरी मोजू लागली. काशीबाईंच्या नडगीवर खोल खड्डा पडला होता आणि तो एकोणीस अंकांपर्यंत भरला नाही. काल चौदाच झाले होते.

"देवीआई पायात उतरलीय," बाबा म्हणाले. "एकवीस झाले की गिरणीचा भोंगा वाजणार."

संपाला नऊ महिने झाले होते. बाबांना हसणारा मी, पण त्या दिवशी मीही मोजत होतो, हे कबूल करतो.

काशीबाई मूळच्या वरळी कोळीवाड्याच्या. मुलगा दत्तू आमच्याच गिरणीत. पगार थांबल्यापासून माहेरहून येणाऱ्या खाऱ्या बांगड्यावर घर चालायचं. त्यात बाबांनी रोज तीन पेले समुद्राचं तीर्थ सुरू केलं आणि इस्पितळातल्या लघवी होण्याच्या गोळ्या मोरीत टाकायला लावल्या. गोळ्यांमुळे म्हणे देवी वाहून जाते. देवीला बाहेर पडायला बाबांनी वाटही चांगली शोधली होती.

आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून काशीबाई खुर्चीतच बसून होत्या. "दत्तू, मना पानी दे," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या.

खालच्या मजल्यावरच्या भिवाची मुलगी कांता इस्पितळात नर्स होती. ती ड्युटीवरून आली ती थेट पुढेच.

"बाबा, मी दाबते."

"तुम्हा लोकांच्या हातानं? देवी कोपेल."

"कोपू दे."

तिनं अंगठा दाबून धरला, उचलला आणि स्वतःच मोठ्यानं मोजलं. वीस, एकवीस, बावीस.

"झाले एकवीस. भोंगा वाजणार," कुणीतरी म्हणालं. लोकांनी हात जोडले.

"भोंगा नाही वाजणार," कांता म्हणाली. "मावशी मरणार."

ती दत्तूकडे वळली.

"हृदय थकलंय त्यांचं. रक्त नीट पुढे ढकललं जात नाही. मेंदूला वाटतं, अंगात रक्तच कमी पडलंय. मग तो तहान लावतो आणि मूत्रपिंडांना सांगतो, पाणी सोडू नका. ताणलेलं हृदय उलटा निरोप धाडतं, पुरे, सोडा आता. पण त्याचं काही चालत नाही. त्यात हे मीठ, तेही पाणी धरून ठेवतं. तेच पाणी पायात साठलंय, आता छातीत भरतंय. अशा सुजलेल्या पायावर कुणीही दाबलं तरी खड्डा पडतो."

"पण बाबा म्हणाले..." दत्तू बाबांकडे बघू लागला.

"दत्तूदादा, काल चौदा, आज बावीस. सूज वाढत होती आणि तुम्ही सगळे खूश होत होता."

दत्तूनं आईसकट खुर्ची उचलली. जिन्याच्या तोंडाशी मी आडवा उभा होतो. "एक दिवस थांब रे, भोंगा..." मी म्हणालो. काशीबाईंचे ओठ निळे पडले होते. त्या अडवण्याची मला आजही लाज वाटते. मी बाजूला झालो आणि खुर्चीची दुसरी बाजू धरली.

इस्पितळातून परतलो तेव्हा बाबांचा पत्ता नव्हता. गोळ्या आणि अळणी जेवण यांनी आठवड्यात काशीबाईंची सूज उतरली. भोंगा काही वाजला नाही.

पोट रिकामं असलं की चमत्कार खरा वाटतो, मलाही वाटला. पण कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्याच्या अंगठ्यानं होतो का, एवढं तरी बघा.

दत्तू आता रोज सकाळी आईच्या नडगीवर अंगठा दाबतो. खड्डा पडला नाही की मगच चहा ठेवतो.