बाथरूममधली चिमणी

मी एक जुना गॅसचा गीझर आहे, मित्रांनो. सध्या नंदनवन वस्तीत मधुकररावांच्या अंगणात, तुळशीच्या मागं उताणा पडून आहे. आता तुम्ही म्हणाल, गीझर भिंतीवर पाहिजे, हा मातीत काहून? तेच सांगून राहिलो.

माझं काम सोपं. पोटात गॅस पेटतो, इकडून गार पाणी घुसते, तिकडून कढत निघते. पण जळाले हवा लागते, जशी तुमाले लागते. बंद खोलीतली हवा सरली की माझी निळी ज्योत पिवळी पडते अन् विषारी हवा निघते. तिले ना वास, ना रंग. एवढा सफाईदार चोर तुम्ही पाहिला नसंल.

मले लावाले वसंत फिटर आला. दोन खिळे, एक नळी, वर चहा. जाता जाता म्हणाला, "काकाजी, याले चिमणी लागते बरं."

मधुकररावांनी वर बोट दाखवलं. बाथरूमच्या झरोक्यात चिमणीचं घरटं होतं. "आहे ना गा. एक कायले, जोडी आहे. पिल्लं भी आहेत."

सगळे हसले. सगळ्यात जास्त वसंतच हसला. त्याले धुराचा पाइप म्हणाचा होता, पण हसता हसता तो निघून गेला. मधुकररावांनी मग येणाऱ्या-जाणाऱ्याले तोच जोक ऐकवला. लोक माझं पाणी पाहाले येत, जोक ऐकून जात. माझी तारीफ तर विचारूच नका. शेजारणी घरच्या मालकिणीले म्हणत, "काय कढत पाणी आहे वं, प्रयागबाई!"

पिल्लं उडाली. थंडी पडली. झरोक्यातून वारा लागते म्हणून प्रयागबाईंनी त्यात पोतं कोंबलं. आता तर चिमणी भी गेली अन् हवा भी गेली.

घरची पोरगी हर्षा. पोलीस भरतीसाठी सकाळीच मैदानावर पळाले जायची, घामानं भिजून यायची अन् दार लावून निवांत आंघोळ करायची. तिचं डोकं दुखाले लागलं. उलटीसारखं व्हायचं.

"नजर लागली पोरीले," प्रयागबाई म्हणाल्या अन् मीठ-मिरच्या ओवाळल्या.

"मोबाईल पाहून राहिली दिवसभर, दुसरं काय," मधुकरराव म्हणाले.

मी तिथंच होतो. पिवळा पडून जळत होतो. माझ्याकडं कोणी मान वर करून पाहिलं नाही.

मग एक दिवस आतून बादली पडल्याचा आवाज आला. हर्षाचा भाऊ अमोल बाहेर उभा होता. "हर्षे, झालं का वं? मले कॉलेजले जाचं आहे." उत्तर नाही. त्यानं लाथ मारून दार तोडलं म्हणून पोरगी वाचली.

वाचली म्हंजे जिवंत आहे. पण आता पळाले गेली की पाय अडखळतात. बोलता बोलता शब्द हरवते. भरतीची दौड झाली, तवा ती घरीच बसून होती.

डॉक्टरनं साफ सांगितलं, गॅस अन् बंद खोली. मधुकररावांनी अर्धंच ऐकलं. घरी येऊन मले उपटलं. "मालच खराब होता," म्हणाले अन् अंगणात फेकलं. आता माझ्या जागी नवा आणला आहे. मोठा, चकचकीत. वसंतनंच लावला. पोतं तसंच झरोक्यात राहिलं.

परवा एका चिमणीनं माझं फुटकं पोट पाहिलं अन् काड्या आणाले लागली. हर्षा ओट्यावर बसून पाहात होती. ती आता नळाच्या गार पाण्यानंच आंघोळ करते, दार उघडं ठेवून, मायले बाहेर बसवून.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याले आता भेटली... काय म्हणतात... चिमणी."

मधुकरराव हसले नाहीत. आत अमोलनं नव्या गीझरचा नळ सोडला, कडी लावली. हर्षा उठली, अडखळत भिंतीशी गेली, काठी घेतली अन् बाहेरून झरोक्यातलं पोतं ढकलून आत पाडलं.

"काय करून राहिली वं? थंडी वाजते!" अमोल आतून ओरडला.

"वाजू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, आज तुमच्या बाथरूमात मान वर करून पाहा. झरोक्यात पोतं असंल तर काढा. थंडी वाजली तर वाजू द्या. थंडी ज्याले वाजते, तो जिवंत असते.