उलटा फेरा

चकवा म्हटलं की नाशिकची माणसं हसतात. हसोत बापडी. ज्यांच्या गल्लीत रात्रभर दिवे जळतात त्यांना चकवा भेटणार तरी कुठून? पेठच्या पलीकडं, डोंगरात ज्यांचा जन्म गेला त्यांच्यापुढं हसून बघा म्हणावं. चकवा लागलेला माणूस आपल्या मते नाकासमोर चालत असतो, आणि फिरत असतो गोल गोल. घर हाकेवर असलं तरी त्याला दिसत नाही. पाय थकतात, जीव थकतो, फेरा काही सुटत नाही.

त्यावर उतारा एकच. त्याला मागून हाक मारायची नाही. मागून हाक ऐकली की तो आणखी जोरात सुटतो. आपण वहाणा डाव्याच्या उजव्या पायात घालायच्या, त्याच्या फेऱ्याच्या उलट्या अंगानं चालत जायचं, समोरून खांदे धरून त्याला मटकन खाली बसवायचं आणि विचारायचं, "दार कुठल्या तोंडाला?" घराचं दार कुठं आहे ते त्यानं सांगितलं की तो सुटला.

रंगूबाईला हे लहानपणापासून पाठ होतं. काय उपयोग झाला? तिचा नवरा जयराम पेठच्या बाजाराला गेला, पोराला चपला आणतो म्हणून, आणि घरी परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो सापडला भाताच्या मोकळ्या खाचरात, घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथं पायांनी तुडवून तुडवून एक गोल वाट पडली होती आणि त्या वाटेवरच तो पालथा पडला होता. चपला कुणालाच सापडल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पडणारच की! एवढं चालल्यावर कुणाचं चालू राहील?

त्या वाटेवर पुढं गवत उगवलं नाही. रोज उठून ती वाट बघणं रंगूबाईला सोसवेना. नाशिकला गंगापूर रोडच्या मागं तिला पत्र्याची एक खोली मिळाली, फुलांचे हार ओवायचं काम मिळालं, आणि तिनं गाव सोडायचं ठरवलं. निघताना सासू भिमाबाईनं तिला अडवलं. "त्या वाटंवर उभी राहा आन नव्या घराचं दार कुठल्या तोंडाला हाय ते त्याला सांगून जा. आपल्यात गेलेल्या माणसाला सांगितल्याबगर घर सोडीत नाय. न्हायतर त्यो जुनंच दार धुंडीत फिरंल."

"सांगू आन मागं बोलवू?" रंगूबाई म्हणाली. "पोराच्या वाटंला गेला म्हंजी?"

भीती होती हे खरं, पण रागही होता. माणसाला बाजारातून सरळ घरी येता येत नाही? तिनं दहा वर्षांच्या काळूचं बखोटं धरलं आणि एसटीत बसली. पुढच्या पावसाळ्यात सासू गेली, गावचं घरही बसलं. खाचरातल्या माणसाला कुणी काही सांगितलं नाही ते नाहीच.

आणि नशिबाची थट्टा बघा. काळू पळायला लागला, तेही गोल! शाळेच्या शर्यतीत मल्हारी सरांनी त्याला हेरलं आणि मैदानावर आणलं. पोरगं काय पळतंय ते बघायला रंगूबाई कौतुकानं गेली. तो लाल ट्रॅक, त्यावर पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारं आपलं लेकरू बघितलं आणि तिला खाचरातली गोल वाट दिसली. ती तिथंच बसली आणि ओरडायला लागली. सरांनी पाणी पाजलं, समजावलं. सर भले माणूस, पण शहरात वाढलेले. शेवटी रंगूबाईनं एकच अट घातली. पळायच्या आधी काळूनं ट्रॅकवर एक उलटा फेरा चालायचा. आधी उलट चालून ठेवला की फेरा धरत नाही, असं तिचं म्हणणं.

"चालेल की काकू, त्या निमित्तानं अंग मोकळं होतं," सर हसून म्हणाले.

बाकीची पोरं काळूला उलट्या म्हणून चिडवायची. तो हसायचा आणि गुमान उलटा फेरा चालून यायचा. आईचा शब्द त्यानं एकदाही मोडला नाही. जिल्हा झाला, राज्य झालं, देशात नंबर आला, आणि आता बावीस वर्षांचा काळू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटर पळायला समुद्रापलीकडं गेला होता. पंचवीस फेरे! रंगूबाईला आकडा ऐकूनच घाम फुटला होता.

शर्यत तिकडं संध्याकाळी होती, म्हणजे आपल्याकडं दुपार कलताना. मैदानाच्या कडेच्या खोलीत टीव्ही लावला होता. सगळी पोरं-पोरी दाटीवाटीनं बसली होती. रंगूबाईला सरांनी खुर्ची दिली. पडद्यावर काळू दिसला, छातीवर नंबर, कपाळावर कुंकवाचं बारीक बोट.

"सर, उलटा फेरा झाला न्हवं त्याचा?"

"काकू, तिथं कसला उलटा फेरा? एका खोलीत बसवून ठेवतात आणि तिथून थेट रेषेवर आणतात. एक पाऊल इकडंतिकडं टाकू देत नाहीत."

रंगूबाई खुर्चीच्या कडेला सरकली. तेवढ्यात बार उडाला.

पहिले काही फेरे सगळे घोळक्यानं पळाले. मग जपानचे दोघं आणि बहारीनचा एक पुढं निघाले, घोळका फुटला. काळू मध्ये एकटा राहिला. त्याच्या पुढं बरंच अंतर मोकळं, मागंही मोकळं. सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रे गड्या! एकटा असून काय लयीत चाललाय!"

तो एकटा पळतोय असं रंगूबाईला वाटेना. त्याची मान खाली होती. कुणाच्या तरी टाचांवर नजर ठेवून पळावं तशी. वळणावर तो हळूच बाहेरच्या अंगाला सरायचा, जसं पुढच्या माणसाला वाट देतोय. पुढं तर कुणीच नव्हतं. तिनं शेजारच्या तेजलला विचारलं, ही पोरगी काळूबरोबरच सराव करायची. "बाई, दादाच्या म्होरं कोण हाय गं?"

"कोणी नाय काकू."

शेवटच्या फेरीची घंटा वाजली. काळूनं बहारीनच्या पोराला गाठलं आणि छाती पुढं काढून रेषा ओलांडली. तिसरा! खोलीत एकच कल्ला झाला. सर तर लहान पोरासारखे उड्या मारत होते. पोरींनी रंगूबाईला मिठ्या मारल्या. तिचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

काळू थांबला नव्हता.

बाकीचे गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होते, कुणी आडवे पडले होते. काळू तसाच पुढं गेला, मान खाली घालून, त्याच लयीत. टीव्हीवरचा माणूस हसून म्हणाला की बहुधा फेऱ्या मोजायला चुकला. खोलीतली पोरंही हसली. दुसरा फेरा झाला. एका पंचानं हात आडवा केला, काळू वळसा घालून निघून गेला. तिसऱ्या फेऱ्याला आपल्या संघातला माणूस मागून धावत त्याला नावानं हाका मारू लागला, तसा काळू आणखी जोरात सुटला. आता खोलीत कुणी हसत नव्हतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मागून हाक मारू नगा म्हणावं!" रंगूबाई उठलीच. "सर, फोन लावा, मागून हाक मारू नगा म्हणावं त्यास्नी!"

भिंतीशी काळूचे सरावाचे जुने बूट ठेवले होते. तिनं ते घेतले, डावा उजव्या पायात, उजवा डाव्या पायात घातला आणि बाहेर पडली.

"काकू, कुठं निघालात?"

ती झपाझपा ट्रॅककडं निघाली होती.

मैदानावर चिटपाखरू नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं. ती ट्रॅकवर उतरली आणि उलट्या अंगानं चालू लागली. पायात बूट ढगळे, डोक्यावर पदर, एरवी कुणी बघितलं असतं तर पोट धरून हसलं असतं. पहिल्या वळणाला काही नाही. दुसऱ्या वळणाला काही नाही. रंगूबाई तोंडानं एवढंच म्हणत होती, "माझ्या लेकराला सोड रं बाबा, माझ्या लेकराला सोड."

तिसऱ्या वळणाशी समोरून पावलं वाजली.

बुटांची नव्हेत. अनवाणी, थकलेल्या, ओढत टाकलेल्या पायांची. आणि मग तो दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर तोच चौकड्यांचा पंचा, नजर नुसती लांब लागलेली. जयराम. हातात पोराच्या इवल्याशा चपला, अंगठ्यांना एकत्र बांधलेल्या. त्याच्या टाचांवर डोळे लावून, धापा टाकत, मागं काळू.

रंगूबाईच्या ओठांवर "अहो" आलं. बारा वर्षं! हात लांब केला असता तर खांदा हाती लागला असता. एवढी वर्षं ज्याच्यावर रागावली होती तो तिच्या अंगावरून जात होता आणि राग कुठल्या कुठं गेला होता. पण हात दोनच, आणि खांदे एकाचेच धरता येतात. याला धरलं तर लेकरू निघून गेलं असतं. तिनं ओठ दातांखाली दाबला आणि नवऱ्याला जाऊ दिलं.

काळूचे खांदे मात्र तिनं असे धरले की नखं रुतली. सगळा जीव लावून त्याला खाली दाबलं, आपणही त्याच्याबरोबर बसली.

"दार कुठल्या तोंडाला? सांग, दार कुठल्या तोंडाला?"

त्याचे ओठ हलले. "मावळतीला."

हातात काहीच उरलं नाही. लाल ट्रॅकवर ती एकटी बसली होती. तिकडून तेजल ओरडत धावत आली, "काकू, बसला! दादा थांबला, ट्रॅकवर खाली बसला! डॉक्टर आलेत, बरा आहे तो!"

थोड्या वेळानं सरांनी फोन आणून तिच्या कानाला लावला. काळूचा आवाज थकलेला, पण त्याचाच होता.

"आई, थांबायचं मला समजलंच नाय गं. म्होरं एक माणूस व्हता. अनवाणी. त्यालाच धरून पळालो. तोंड दिसलं नाय त्याचं. लय दमला व्हता बिचारा. कोण असंल?"

"तू पाणी पी," रंगूबाई म्हणाली. "पडून राहा जरा. मग बोलू."

सरांनी फोन घेतला. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण ती पुन्हा ट्रॅककडं वळली होती.

"काकू, झालं ना आता? चला, चहा घेऊ."

"एक फेरा राहिलाय, सर."

सर भले माणूस. त्यांनी पोरांना आत नेलं आणि दार ओढून घेतलं.

या वेळी तिला फार चालावं लागलं नाही. तो त्याच वळणाशी समोरून आला. तिनं त्याचे खांदे धरले. ओल्या मातीसारखे गार होते. तो लगेच खाली बसला, जणू कुणी बस म्हणायचीच वाट बघत होता.

"दार कुठल्या तोंडाला?"

"उगवतीला," जयराम म्हणाला. "सापडंना गं."

रंगूबाईला रडू फुटलं. "कसं सापडंल? ते दार पडलं. सासूबाई सांगत व्हत्या, मीच सांगितलं नाय तुम्हास्नी. भ्याले, रागावले. लय चुकलं माझं. आता दार मावळतीला हाय. गंगापूर रोडच्या मागं, पत्र्याची खोली, दारात झेंडूच्या पाट्या असत्यात. चला, दाखवते."

ती उठली आणि घराकडं निघाली. मागं वळून बघितलं नाही, हाकही मारली नाही. चौकातल्या गाड्यांच्या गलक्यातही अनवाणी पावलं तिला ऐकू येत होती. खोलीशी आल्यावर तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि चूल पेटवली. बाहेरून कुणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखं झालं. मग काहीच ऐकू आलं नाही.

काळू आठवड्यानं आला. गल्लीनं ढोल लावून त्याला आणलं, झेंडूचे हार घातले, पदक हातोहात फिरलं. सगळे पांगल्यावर तो उंबऱ्याशी बूट काढायला बसला, तर तिथं लहान पोराच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. तळाला चिखल वाळलेला, अंगठ्याला सुतळीची गाठ. कधी घातलेल्या नव्हत्या.

"आई, कुणाच्या गं ह्या?"

रंगूबाई हार ओवत होती. तिनं सुई बाजूला ठेवली.

"तुझ्याच," ती म्हणाली. "आणायला जरा उशीर झाला त्यांना."