चौकापर्यंतची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. गाडीच्या मागच्या दोन दिव्यांच्या मधोमध बसवलेली, गडद लाल प्लास्टिकची. माझ्यावर गाडीचं नाव ठसठशीत अक्षरांत उठवलेलं आहे. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा माझ्या पोटात उजेड नव्हता. माझं तोंड कायम मागे. त्यामुळे गाडी कुठे निघाली हे मला कधी कळलं नाही. मागे कोण राहिलं, ते मात्र रोज दिसलं.

मागे राहायची ती आई. बाबा पाणी उपसण्याच्या केंद्रावर संध्याकाळच्या पाळीला जायचे. गाडी चौकातून वळेपर्यंत आई फाटकाशी उभी राहून हात हलवायची. मग ती आजारी पडली आणि तिचा पलंग वरच्या मजल्यावर खिडकीशी लागला. त्या उंचीवरून, तिन्हीसांजेला, सगळ्या गाड्यांच्या पाठी सारख्याच. एकदा तिने शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीलाच हात केला. आमची गाडी अजून जागची हललीही नव्हती.

"आई, ते डॉक्टर होते!" लेक खालून ओरडली.

"तरीच म्हटलं, तुझे बाबा आज एवढ्या रुबाबात कसे निघाले!"

सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी आईचा हात उठलाच नाही. कुणाला हलवायचा, याचीच तिला खात्री राहिली नव्हती.

लेक यंत्रदुरुस्तीचं काम करायची. तिने मला गाडीवरून काढलं आणि थेट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलं. माझे दोन भाग काळ्या चिकट रबराने जोडलेले होते. ते ऊब लागल्याशिवाय सुटत नाही.

"आज जेवायला काय, गाडीची शेपटी?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही घड्याळाकडे बघा, बाबा. विसरलात तर शेपटीची चटणी होईल."

मी उघडले. लेकीने माझ्या पोटात एलईडीची फीत चिकटवली. फीत लालच निवडली, कारण मागे पांढरा उजेड दिसला तर मागच्याला वाटतं, गाडी उलटी येतेय. उजेड मंद ठेवला. ब्रेकचे दिवे त्यात हरवून चालणार नव्हतं. मग मला बंद करायची वेळ आली.

"मलाही काहीतरी करू दे की गं," आई म्हणाली.

लेकीने मला आईच्या मांडीवर ठेवलं. माझ्या कडेकडेने आई नव्या रबराची वळी बोटाने दाबत गेली. उजव्या कोपऱ्यापर्यंत पोहोचताना तिला धाप लागली.

"तिथे जरा जोर लाव, आई."

"लावलाय!"

तो जोर किती होता, ते मला ठाऊक. लेकीलाही दिसलं. तिने स्वतःचा अंगठा पुढे केला, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अंगठा मागे घेतला.

त्या संध्याकाळी माझी लाल रेघ चौकापर्यंत गेली. तिथे बाबांनी दोनदा ब्रेक दाबला. दूर खिडकीत एक हात वर झाला. मित्रांनो, मी याहून सुंदर काही पाहिलेलं नाही. हा निरोप मग रोजचाच झाला.

आणि एके दिवशी ती खिडकी बंद दिसली. ती पुढे कितीतरी दिवस बंदच राहिली. बाबा मात्र चौकात दोनदा ब्रेक दाबतच राहिले.

उजव्या कोपऱ्यातून दमट हवा माझ्या आत शिरू लागली. आधी धुकं धरलं, मग फितीतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला, मग तिच्यातला एकेक दिवा विझू लागला.

"बाबा, उघडू का? सुकवते, नवं रबर भरते. तासाभराचं काम आहे."

"नको. आत तिच्या बोटांचे ठसे आहेत."

"पण दिवा जाईल ना!"

"जाऊ दे."

ते मला मऊ फडक्याने पुसत. बघणारे म्हणत, काय जपलीय गाडी! आतून मी सडत होते.

पुढे बाबांची नोकरी संपली, गुडघे बसले, आणि खिडकीशेजारच्या पलंगावर ते आले. लेकीला दूर काम मिळालं. ती गाडी घेऊन निघाली, त्या तिन्हीसांजेला खिडकी उघडी होती. आमच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी निघाली. चौकात लेकीने दोनदा ब्रेक दाबला. पण बाबांच्या आणि आमच्या मध्ये डॉक्टरांची गाडी होती, तिचाही ब्रेक लागला होता, आणि ही आमची, असं सांगणारी रेघ माझ्यात उरली नव्हती. बाबांनी हात वर केला. आम्ही डावीकडे वळलो, डॉक्टर उजवीकडे. बाबांचा हात उजवीकडे हलत गेला.

मित्रांनो, आवडती वस्तू बिघडली तर ती उघडायला भिऊ नका. माझ्या आतले ठसेही शेवटी त्या ओलीने पुसले गेले. आईने रबर दाबलं होतं, ते ठसे राहावेत म्हणून नव्हे, माझा उजेड राहावा म्हणून. लेकीने मला वेळीच उघडलं असतं, तर त्या संध्याकाळी बाबांनी हात हलवला तो त्यांच्या लेकीला पोहोचला असता.