एक माणूस जास्त

आमच्या मुंगीला गणित असं यायचं की शाळेतले सर फळ्यावर उत्तर लिहिण्याआधी एकदा तिच्याकडे बघून घेत. निबंध लिहायला बसली की मात्र हीच मुलगी दाढ दुखत असल्यासारखी गालावर हात ठेवून कोऱ्या कागदाकडे बघत राहायची. मुंगी हे तिचं घरातलं नाव, कारण लहानपणापासून ती सतत काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असते; शब्द तेवढे तिच्याच्यानं उचलवायचे नाहीत. आणि तिला ज्या मोठ्या कॉलेजात जायचं होतं तिथं नेमका स्वतःविषयीचा एक निबंध मागत आणि निम्मी निवड त्याच्यावर होत असे. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. चार लोकांना स्वच्छ दिसावं हा माझा धंदा. पण लेकीच्या लिखाणात काय चुकतंय ते काही मला दिसत नव्हतं, नुसतं काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं.

खरं सांगायचं तर मला प्रवेशाइतकीच दुसरीही एक हाव होती. मुंगी मोठी होत गेली तशी आमची दोघींची बोलणी आटत आटत 'जेवलीस का' आणि 'किल्ली घेतलीस का' यांवर येऊन ठेपली होती. स्वतःविषयी लिहायचं म्हणजे ती लहानपणाबद्दल लिहील, काही अडलं तर मला विचारील, आणि त्या निमित्तानं माझी लेक पुन्हा माझ्याजवळ येऊन बसेल, असं मी मनात धरून चालले होते. आईचं मन ते, कशाचाही आधार घेतं.

वेलांटीबाईंचा पत्ता मला एका गिऱ्हाइकानं दिला. मुलांचे निबंध सुधारून देण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं तो म्हणाला. नाव अर्थातच मुलांनी पाडलेलं. चुकीची वेलांटी त्यांना घासातल्या खड्यासारखी दाताखाली लागायची म्हणे. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली इतकी नीटनेटकी होती की आत पाऊल टाकताना मी नकळत पदर सारखा केला. खिडकीशी टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि दाराजवळ पालकांसाठी एक जरा उंच स्टूल. बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांच्या चष्म्याची एक दांडी ढिली होऊन लटकत होती, ती मी पर्समधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून तिथल्या तिथे पिळून दिली, तर त्या इतक्या मनापासून हसल्या की मी त्या क्षणीच त्यांची झाले.

त्यांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी होती. त्या स्वतः एक अक्षरही लिहीत नसत. निबंध संथपणे वाचायच्या, मध्येच थांबून पेन्सिलचं टोक एखाद्या शब्दावर टेकवायच्या आणि विचारायच्या, "हा गेला तर कुणाला कळेल?" मुंगी विचार करायची, मग म्हणायची, "कुणालाच नाही." की मग तो शब्द तिनंच खोडायचा. आणि गंमत अशी की शब्द गेला की उरलेलं वाक्य पाठीतला बाक जाऊन ताठ उभं राहायचं. मी कसबी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, काच नुसती बोटावर तोलून तिचा नंबर सांगणारी पाहिली आहेत. पण दुसऱ्याच्या हातून त्याचंच काम इतकं देखणं करवून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. स्टुलावर बसून कंबर भरून यायची, तरी मी एकही शिकवणी चुकवली नाही.

एकदा मुंगीनं लिहून आणलं होतं, 'आम्ही पूर्वी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो.' पेन्सिल 'आम्ही'वर येऊन टेकली.

"हे तू कुणाला सांगते आहेस?"

"जो वाचेल त्याला."

"मग त्याला दाराबाहेर का उभं केलंस? 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो, बसतो."

जन्मभर मी हे दोन शब्द वापरत आले आणि त्यांच्यामध्ये एक उंबरठा आहे हे कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुंगीनं शब्द बदलला आणि मोठ्यानं वाचलं, 'आपण पूर्वी पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो.' माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. व्याकरणानं रडणारी बाई त्या खोलीत मी पहिलीच असेन. त्या 'आपण'मध्ये मी होते, तिचे बाबा होते, आणि बाईही होत्या. त्या मान हलवून म्हणाल्या, "छान. पण पत्रा मागच्या खोलीला गं. पुढच्या खोलीला कौलं होती." मुंगीनं लगेच तशी दुरुस्ती केली.

दुरुस्ती बरोबर होती. पुढच्या खोलीला कौलंच होती, मीसुद्धा विसरून गेले होते. मुंगीनंच कधीतरी सांगितलं असणार आणि बाईंनी ते ध्यानात ठेवलं असणार, शिक्षकाची जात ती, असं म्हणत मी कौतुकानं जिना उतरले. ते घर आम्ही सोडलं तेव्हा मुंगीला धड चालताही येत नव्हतं, हे बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. तिच्या बाबांनी सांगितलं असेल, असं मी मग ठरवून टाकलं.

मुंगी सुधारत होती, हे कुणीही नाकारू नये. तिचं अक्षर बदललं, बोलणं बदललं. पूर्वी अर्धी वाक्यं गिळणारी पोर आता शेवटचं क्रियापद येईपर्यंत नीट बोलायची. एका संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या तिनं स्वतःहून लहानपणाचा विषय काढला आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायला लागले.

"आम्ही त्या घरात असताना," ती म्हणाली, "खिडकीत एक लंगडं मांजर यायचं. आम्ही त्याला रोज दूध ठेवायचो."

"आम्ही काय गं? आणि मी कुठं होते, बाजारात?" मी हसत म्हटलं.

तीही हसली, पण एखादं उदाहरण सुटत नसल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. नवीन शिकलेलं दोन दिवस उलटसुलट होतंच, असं मी स्वतःला बजावलं. मग काही दिवसांनी सकाळी बाहेर पडताना ती दारातून म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल." मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे कुणीच नव्हतं.

तिच्या बाबांनी ते ऐकलं आणि ते खूश झाले. "बघ, निबंधाबरोबर वळणही लागलं. मी माझ्या आईला जन्मभर अगं-तुगं केलं." दुकानातही सगळ्यांना माझा हेवाच वाटला, हल्लीच्या मुली आईला अहो म्हणतात का कुठे? मलाही दोन दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, मान कुणाला नको असतो? पण तिसऱ्या दिवशी मला तिच्या 'अगं आई'ची इतकी आठवण आली की काच घासता घासता मी हातातलं काम थांबवलं. रोजच्या वापरातली वाटी कुणीतरी उचलून शोभेच्या कपाटात ठेवावी, तसं माझं झालं होतं.

त्या आठवड्याच्या शिकवणीत दोघी कागदावर वाकल्या होत्या, आणि मुंगी नेहमीच्या सुरात म्हणाली, "अगं, तू बघ ना, इथं स्वल्पविराम राहिलाय." मी स्टुलावरून म्हटलं, "कुठं गं?" आणि मग कळलं की ती माझ्याशी बोलत नव्हती. बाईंनी स्वल्पविराम पाहिला. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.

निबंधाचा शेवटचा भाग मुंगीच्या आजारपणाचा होता. ती पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती आणि मी तिच्या उशाशी बसून होते. मला अंगाई येत नाही, गळा म्हणजे फुटकं मडकं. म्हणून मी तिच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत एकामागून एक पाढे म्हटले होते, आणि तेराच्या पाढ्याला ती झोपली होती. तिला गणिताची गोडी लागली ती तिथून, असं मी समजते. एवढी एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. ती माझी आणि तिची होती. बाईंच्या समोर ती वाचत होती, 'ताप चढला की ती पाढे म्हणायची,' आणि त्या 'ती'पाशी मुंगीनं वर पाहिलं ते बाईंकडे.

घरी आल्यावर मी तिच्या बाबांना विचारलं, "मुंगीला ताप आला होता तेव्हा उशाशी कोण बसलं होतं, आठवतं?"

ते बूट काढत होते. "तूच असशील," ते म्हणाले. "म्हणजे, अशा वेळी आईच असते ना."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच बाईंकडे गेले. भांडायला गेले होते, पण त्यांनी दार उघडून ज्या मायेनं मला आत घेतलं, त्यानं माझी अर्धी वाक्यं तिथंच विरघळली. मी पहिल्यांदाच मुंगीच्या खुर्चीत बसले. माझी मुलगी मला परकी झाली आहे, ती मला 'आम्ही' म्हणते, एवढं मी कसंबसं सांगितलं.

"वाक्य चुकतं का तिचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. वाक्य बरोबर असतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग डॉक्टरनं नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "त्या निबंधात एक माणूस जास्त होतं. उशाशी बसलेल्या दोघी, पाढे म्हणणाऱ्या दोघी. दोन माणसं एकच काम करत असली की वाचणारा गोंधळतो, कुणावरच जीव जडत नाही. मी काही खोडलं नाही हो. मी फक्त विचारलं, यांतली कोण गेली तर कुणाला कळेल? तिनं पुष्कळ विचार केला. रडलीसुद्धा."

"पण दोघी नव्हतोच! मी एकटी होते तिथे. तुम्ही कुठं होतात?"

"तेराचा पाढा चालू होता," त्या म्हणाल्या. "खिडकीला ओली चादर लावली होती, गार वारा यावा म्हणून."

चादर खरी होती. ती मी मुंगीलाही कधी सांगितली नव्हती, आणि मी ती लावली तेव्हा मुंगी झोपली होती. मला भीती वाटली, आणि त्या भीतीतही मला हे कळत होतं की सुधारणा म्हणून ती बिनचूक आहे. टेबलावर निबंधाची पक्की प्रत होती, ती त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. इतकं सुंदर मी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. एकही शब्द हलवता येत नव्हता. त्यातल्या आईवर माझाही जीव जडला, आणि ती मी नव्हते.

निबंध निवडला गेला. मी दुकानात असताना तिच्या बाबांचा फोन आला, आवाज आनंदानं फुटत होता, मुंगी पहिल्या यादीत आहे म्हणाले. मालकांनी मला लगेच सोडलं. निघण्याआधी मी तिच्यासाठी गुपचूप तयार करत आणलेला नवा चष्मा डबीत घातला; तिचा नंबर मला तोंडपाठ आहे, काचा मी स्वतः घासल्या होत्या आणि फ्रेम तिच्या नाकाला टोचू नये म्हणून कडा तीनतीनदा हात फिरवून पाहिल्या होत्या. वाटेत मी मनाशी पक्कं केलं की आज कुणाचा निबंध नाही आणि कुणाची सुधारणा नाही. तिला समोर बसवायचं, हात हातात घ्यायचे आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं, ताप, पट्ट्या, मांजर, सगळं, तिला मी आठवेपर्यंत. तेवढ्यासाठी कॉलेज गेलं तरी चाललं असतं मला.

दाराला आतून कडी होती, म्हणून माझी किल्ली चालेना. मी घंटा वाजवली. आत कुणीतरी हसत होतं, भांडी लावल्याचा आवाज येत होता. मग चटचट पावलं आली, ती मी हजारात ओळखली असती. मुंगीनं दार उघडलं. तिचा चेहरा आनंदानं नुसता उजळला होता, आणि त्या आनंदासकट तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"आपण," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. आली माझी लेक परत, आम्ही नाही, तुम्ही नाही, आपण. आता पुढचं काहीही असू दे, आपण जिंकलो म्हणेल, आपण आता काय करायचं म्हणेल, मी त्याला हो म्हणणार होते. मी चपला काढायला वाकले, एक पाय उंबरठ्याच्या आतही टाकला.

"कोणाकडे आलात?" तिनं वाक्य पूर्ण केलं.