दीड किलोचं यंत्र

"दादा, घ्या तुमचं यंत्र. हात लई भरून आला," म्हणत मनकर्णाबाईंनी ते बांधावर ठेवलं आणि त्या पुन्हा दोन्ही हातांनी कापूस वेचायला लागल्या.

कडुबानं घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती. वाळूजच्या कारखान्यात तो तेवीस वर्षं फवारणी पंप दुरुस्त करत होता. कापूस वेचायचं यंत्र हा कंपनीचा नवा माल. अजिंठ्याकडच्या लवकर फुटलेल्या कापसाच्या शेतांत ते चालवून बघायला त्याला पाठवलं होतं. त्यानं यंत्राच्या पिशवीत हात घातला. कापसाबरोबर वाळका पालाही आला होता.

"जमंल का हळूहळू?" त्यानं विचारलं.

"मजुरी किलोवर मिळती. ह्यानं एका हातानं किती वेचू?"

कडुबानं कागदावर लिहिलं: जड आहे. एकच हात चालतो. पाला येतो. कागद त्यानं निशा मॅडमना दिला; यंत्राचं डिझाइन त्यांचं होतं.

"काका, दीड किलो तर आहे. होईल सवय," त्या म्हणाल्या. "आणि साचे तयार झालेत. दसऱ्याला माल काढायचाच आहे."

दसऱ्याला पेढे वाटले गेले. दिवाळीनंतर दुकानदारांकडून खोकी परत यायला लागली. संक्रांतीपर्यंत गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही.

मालक राजकुमारशेठ यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. कडुबा तिथं पहिल्यांदाच आला होता.

"खेड्यातल्या बायांना नवं काही शिकायचंच नसतं," शेठ म्हणाले.

निशा मॅडम समोरच बसल्या होत्या. कडुबा पुढं झाला.

"त्यांना यंत्र चालवता येतं, साहेब. आपल्याला कापूस वेचता येत नाय."

यंत्र बंद करायचं ठरलं. आलेला माल खोलून मोटारी, बॅटऱ्या वेगळ्या करायचं काम कडुबाकडंच आलं.

तिसऱ्या दिवशी निशा मॅडम गोदामात आल्या. ढिगातलं एक यंत्र उचलून, हात पुढं धरून उभ्या राहिल्या. कडुबा मान खाली घालून स्क्रू काढत राहिला. थोड्या वेळानं मॅडमचा हात खाली यायला लागला.

"मी हे टेबलावर ठेवूनच बघितलं होतं, काका."

कडुबानं स्टूल पुढं सरकवलं. "बसा, मॅडम."

त्या बसल्या नाहीत. यंत्र त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं.